उन्हात बरोबर, माजघरात खोटा

बाबा निवृत्त झाले तेव्हा शाळेने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांनी स्वतःला मात्र एक जुना कॅमेरा दिला. कट्टा या बाजाराच्या गावाजवळच्या एका हायस्कुलात ते प्रयोगशाळा सहायक होते. शिक्षक वर्गात शिकवायचे आणि बाबा काचेची भांडी धुऊन, तराजू पुसून, थर्मामीटर मोजून कपाटात ठेवायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी माणसांवर फारसा विश्वास ठेवला नाही, यंत्रांवर ठेवला. माणूस आपल्या सोयीचं बोलतो, यंत्र कोणाची सोय बघत नाही, असं ते म्हणत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते याच माणसाच्या बाबतीत झालं.

कॅमेरा रोलचा होता. गावात गुरं राखणाऱ्याच्या हातातसुद्धा मोबाइल, आणि आमच्याकडे काळ्या-पांढऱ्या फोटोंचे रोल शहरातून कुरिअरने यायचे. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून बाबांनी फोटो मोठे करायचं यंत्र आणलं, बाथरूमच्या खिडकीला काळा कपडा ठोकला, लाल बल्ब लावला. रोल धुणं, फोटो छापणं, सगळं घरातच. फोटोही घरातलेच. सुकत घातलेली कोकमाची सोलं, कापलेला फणस, पेजेचा टोप, पडवीतली मांजर, आणि मी. लग्नाकार्यांना बोलावलं तर ते जात नसत. "थंय उजेड माज्या हातात नसता," म्हणायचे.

आई बाबांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी गेली होती. धाकटा भाऊ पुण्याला इंजिनिअर. मी गावच्या सोसायटीत कारकून. माझं लग्न झालं नाही. का झालं नाही हे मला कोणी विचारत नाही, सगळ्यांनी आपापली उत्तरं ठरवून टाकलेली आहेत. घरात आम्ही दोघंच असल्यामुळे बाबांना मदतनीस म्हणून मीच मिळाले. ट्रेमधलं पाणी बदलायचं, घड्याळ बघून वेळ सांगायची, आणि उजेड मोजताना मीटर धरायचा.

तो मीटर म्हणजे साबणाच्या वडीएवढं उजेड मोजायचं यंत्र. पुढे मधमाशीच्या पोळ्यासारखी काच, आत काटा. बॅटरी नव्हती. उजेड पडला की काटा आपसूक सरकायचा, मग बाजूची चकती फिरवून कॅमेऱ्याचं झाकण किती उघडायचं आणि किती वेळ, ते वाचायचं. वस्तूकडे तोंड करून धरला तर वस्तूवरून परत येणारा उजेड मोजायचा. काचेवर पांढरी झाकणी लावून वस्तूच्या जागीच धरला, तर तिच्यावर पडणारा. बाबांना दुसरी रीत आवडायची. "वस्तू काळी काय गोरी, ता मीटराक कित्याक कळूक व्हया? उजेड किती पडता तेवढा सांगल्यान म्हणजे पुरे." नवा रोल आला की आधी तपासणी. भिंतीला करडा पुठ्ठा टेकवायचा, समोर ठरलेल्या अंतरावर बल्ब, मग कमी-जास्त उजेड देऊन त्या पुठ्ठ्याचेच फोटो काढायचे. मला हे कंटाळवाणं वाटायचं आधी. नंतर आवडायला लागलं. फोटो ट्रेमध्ये हळूहळू उमटायचा आणि करडा रंग पुठ्ठ्याशी तंतोतंत जुळायचा, तेव्हा बाबा माझ्याकडे बघून मान हलवायचे. एकदा म्हणाले, "हात बरो आसा तुजो." मला कोणी काही बरं म्हणण्याची फारशी सवय नव्हती. ते वाक्य मी पुष्कळ दिवस जपलं. आता त्याचाही राग येतो.

पहिली काही वर्षं अशी बरी गेली. मग एका दुपारी बाबांनी मला हाक मारली. माजघरात मी नारळ किसत असतानाचा फोटो त्यांनी छापला होता.

"बग. काळो इलो."

मी फोटो पडवीत नेऊन बघितला. किसणी दिसत होती, खोबरं दिसत होतं, माझ्या हातातल्या बांगड्यासुद्धा.

"माका बरो दिसता, बाबा."

"तुका काय दिसता ता नको. काळो आसा. मीटर म्हातारो झालो."

हे अगदीच खोटं नव्हतं. असले जुने मीटर वयाने चुकायला लागतात, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. म्हणून आम्ही तपासणी केली. भर दुपारी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, डोक्यावर स्वच्छ ऊन असताना. तसल्या उन्हाचं माप ठरलेलं असतं, मीटर नसला तरी फोटो काढणाऱ्याला ते पाठ असतं. काटा बरोबर त्या मापावर गेला. बाबांनी परत परत बघितलं. मग आम्ही माजघरात आलो. आमचं माजघर खोल, एकच खिडकी, तीही फणसाच्या सावलीत. तिथे मीटरने दाखवलं ते त्यांना पटेना.

"उनात बरोबर, माजघरात खोटो," ते म्हणाले. "कमी उजेडात चुकता हो."

रविवारी भावाचा व्हिडिओ कॉल यायचा. बाबा त्या कॉलसाठी सदरा बदलून बसायचे. भाऊ पुण्याला गेल्यापासून मालवणी बोलत नाही. बाबाही त्याच्याशी बोलताना शाळेतल्या साहेबांशी बोलावं तसं बोलतात. "मीटर जरा बिघडला आहे," बाबांनी सांगितलं. आठवड्याच्या आत कुरिअर कट्ट्याला आलं. मी ऑफिस सुटल्यावर बाजारातून ते घेऊन आले. नवा मीटर, आकडे दाखवणारा, पट्ट्यासकट. बाबांनी खोका उघडायच्या आधी तो देवासमोर ठेवला.

नवा आणि जुना, दोन्ही मीटर एकच माप दाखवत होते. खळ्यात, पडवीत, माजघरात, न्हाणीघराच्या दारात. मी मोठ्याने वाचत गेले, आणि बाबांचा चेहरा उतरत गेला.

"दोनय खोटे," ते शेवटी म्हणाले. आणि मीटर सांगेल त्याच्या दुप्पट उजेड कॅमेऱ्याला द्यायला लागले. मग चौपट. फोटोतल्या भिंती पांढऱ्याफटक यायला लागल्या. चुलीसमोर बसलेली मी तोंडाला पीठ फासल्यासारखी. ते बघून बाबा खूश. "आता बरो इलो."

मला फोटोतलं काही कळत नाही असं नाही. तोवर मला पुष्कळ कळायला लागलं होतं, म्हणून दुसरीही एक गोष्ट दिसली. बाबा कॅमेऱ्यातून बघताना चारही कोपरे तपासून मगच बटण दाबणारे. पण आताच्या फोटोंत कडेला काहीही असायचं. अर्धी बादली. दोरीवरच्या परकराचं टोक. एका फोटोत मांजर मधोमध, आणि कडेला माझा अर्धा चेहरा, तोंड उघडं, मी काहीतरी बोलत होते. "मी फोटोत होतंय?" मी विचारलं. बाबांनी फोटो डोळ्यांसमोर धरून इकडेतिकडे फिरवला. "तू कशाक मदी इलंस?" म्हणाले. मी मध्ये आले नव्हते. मी तिथेच उभी होते, त्यांच्या समोर, जरा बाजूला.

मग मी लक्ष ठेवायला लागले. पडवीतून माजघरात येताना ते उंबऱ्याला ठेचकाळत. मी बाजूने चहा पुढे केला तर हात कपाच्या अलीकडेच थांबे. बाथरूममधला लाल बल्ब त्यांना अपुरा वाटायला लागला. त्यांनी मोठा बल्ब लावला आणि फोटोचा कागदच खराब झाला, सगळे कागद धुरकट निघाले. तेव्हाही कागदाच्या कंपनीला शिव्या.

एके दिवशी मी सरळ म्हटलं, "बाबा, मीटर बरे आसत. डोळे दाखवूया."

त्यांनी पेपर उचलला आणि अगदी खालची, मुंगीएवढ्या अक्षरांतली जाहिरात मला घडाघडा वाचून दाखवली. मग मीटरवरच्या चकतीचे आकडे वाचले. "ह्या वाचणाऱ्याचे डोळे गेले म्हणतंस? चष्मो आत्ताच बदललंय मी."

खरं होतं. समोरचं, मधलं, बारीक, सगळं त्यांना वाचता येत होतं. पण अर्धी बादली होती, आणि माझा अर्धा चेहरा होता.

मी भावाला फोन केला. रविवारी बाबांसमोर नव्हे, ऑफिसच्या मागच्या पायरीवरून.

"बाबांचे डोळे बिघडलेत. मीटरमध्ये काही नाही."

"अगं ताई, वय झालं. जरा कमी दिसणारच. तेवढा एकच विरंगुळा आहे त्यांना, कशाला मोडतेस?"

"मी मोडत नाही. तू ये. ते माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील."

"आत्ता शक्य नाही गं. मुलांच्या परीक्षा, इथे ऑफिसात गडबड. मी एक काम करतो, अजून चांगला मीटर पाठवतो. एकदम प्रोफेशनल. मग त्यांची शंकाच राहणार नाही."

"मीटर नको पाठवू," मी म्हटलं. "ऐकतोयस ना? मीटर नको."

मीटर आला. कट्ट्याहून घरी बसने येताना मांडीवरचा तो खोका मला खिडकीतून बाहेर टाकावासा वाटत होता. टाकला नाही. मी असल्या गोष्टी करत नाही, म्हणूनच सगळं माझ्याकडे येतं.

आता बाबांनी पडवीतल्या बाकावर तिन्ही मीटर ओळीने मांडले. मला वाचायला बसवलं. तिघांचं माप एकच. जागा बदलल्या, वेळ बदलली, पुठ्ठा बदलला. माप एकच. बाबांनी तिन्ही मीटर एकेक करून उलटे करून बघितले. मला वाटलं, आता ते स्वतःच बोलतील. आयुष्यभर प्रयोगशाळेत काढलेला माणूस. तीन यंत्रं एक सांगतायत आणि आपण एकटे वेगळं सांगतोय, तर चूक कुठे शोधायची हे त्यांना मी सांगायला हवं का?

"तिनय एकाच कंपनीचे भाग वापरतत," बाबा म्हणाले.

मी हसले. हसायला नको होतं, पण हसू आलं. बाबा एकदम उसळले.

"माका आंधळो ठरवूक बगतंस तू. आंधळो करून कोपऱ्यात बसवलंस काय तू मोकळी!"

मोकळी. मी उठून आत गेले. भात शिजत होता तो बघितला, त्यांच्यासाठी सोलकढी केली, ताट वाढलं. ते येऊन जेवले. माणूस रागात काहीही बोलतो असं लोक म्हणतात. मला वाटतं, रागात तो मनात तयार असलेलंच बोलतो.

त्या सुमारास मी स्वतः एक फोटो काढला. बाबा सकाळी पडवीत बाकावर बसून सुपारी कातरत होते. त्यांच्या गालाजवळ मीटर धरून मी उजेड मोजला, त्यांच्याच रीतीने, आणि मीटर म्हणेल तेवढाच कॅमेऱ्याला दिला. फोटो मीच छापला. गालावरचे पांढरे खुंट, बोटांच्या पेरांवरच्या रेघा, मागच्या भिंतीचा चिरा न् चिरा. माझ्या आयुष्यात मी केलेली ती सगळ्यात नीट गोष्ट असेल. बाबांना दाखवला.

"काळो," म्हणाले, आणि बाकावर उपडा ठेवला.

मग मी ठरवलं की त्यांच्याशी वाद घालायचा नाही, त्यांच्याच भाषेत बोलायचं. एका संध्याकाळी म्हटलं, "मीटराची तपासणी झाली. कॅमेऱ्याची झाली. आता बगणाऱ्याची करूया. उगाच शंका कित्याक ठेवूची?" तपासणी या शब्दाला ते नाही म्हणू शकले नाहीत. करड्या पुठ्ठ्यासमोर खुर्चीवर बसले. एक डोळा हाताने झाकून, दुसऱ्याने पुठ्ठ्याच्या मधोमध काढलेल्या टिंबाकडे बघत राहायचं, मान हलवायची नाही. मी पांढऱ्या झाकणीचा तो जुना मीटर हातात घेतला आणि त्यांच्या कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणायला लागले.

"दिसलो काय सांगा."

"नाय अजून."

माझा हात गालापर्यंत आला. "आता?"

"तू फुडे हाडलंस तरी काय तो?"

मी थांबले. स्वतःवर हे मी आधी करून बघितलं होतं. मला मीटर कानापासून जरा पुढे सरकला की दिसत होता. बाबांच्या बाबतीत तो जवळजवळ टिंबापाशी पोचला, तेव्हा ते दचकले. "हो इलो!" म्हणाले. आणि मग त्यांनी नकळत मान वळवली आणि माझा हात कुठे आहे ते बघितलं.

त्या क्षणी त्यांना कळलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. तो फिकुटला. त्यांनी दुसरा डोळा स्वतःहून झाकला. "परत कर." आता उघडा असलेला डोळा थोडा बरा निघाला, पण थोडाच. बाबा मांडीवर हात ठेवून बसून राहिले. बाहेर पडवीत मांजर ओरडत होतं, दूध मागत होतं.

"उद्या जावया," मी म्हटलं. "मी रजा घेतंय. कोल्हापुराक डोळ्यांचे मोठे डॉक्टर आसत."

"नको."

"कित्याक नको? आता तर तुमीच बगितलात."

"तो पुण्यासून येवंदे," बाबा म्हणाले. "तेच्यावांगडा जायन."

मी पुष्कळ बोलले. कोण येणार, कधी येणार, तोवर काय होईल. बाबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. झील, त्यांचा मुलगा, येईल आणि झील नेईल. मुलासोबत डॉक्टरकडे जाणं म्हणजे बापाचं जाणं. मुलीने नेलं तर ते म्हाताऱ्याला नेणं. असं काही त्यांच्या मनात असावं, मला नक्की माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की तपासणी मी केली, निकाल त्यांना कळला, आणि तरी ते माझ्याबरोबर यायला तयार नव्हते.

भावाला परत फोन केला. त्याला खुर्ची, पुठ्ठा, कान, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. मे महिन्यात येतोच आहे." मे महिन्यात ते सगळे थंड हवेच्या ठिकाणी गेले, मुलांचा हट्ट होता. तिथून त्याने बाबांना डोंगरांचे फोटो पाठवले. बाबा मोबाइल नाकाला लावून एकेक तुकडा बघत होते. "बरो उजेड आसा थंय," म्हणाले.

भर पावसाळ्यात, जरा उघडीप असताना बाबा पडले. खळ्याच्या कडेला जास्वंदीचा फोटो काढायला म्हणून मागे मागे सरकत गेले आणि पायरीवरून खाली. मी ऑफिसात होते. शेजारच्या काकींनी फोन केला. मनगट मोडलं होतं. कॅमेरा फुटला होता. तालुक्याच्या हाडांच्या डॉक्टरने प्लास्टर घातलं, आणि बाबांना दारातून बाहेर पडताना चौकटीवर आपटताना बघून मला बाजूला घेऊन म्हणाला, "यांचे डोळे कोणी बघितलेत का?"

परक्या डॉक्टरने एका नजरेत बघितलं ते. मग मी बाबांना विचारलं नाही. फोंडाघाटमार्गे जाणाऱ्या गाडीत बसवलं आणि कोल्हापूरला नेलं. प्लास्टर घातलेला हात गळ्यात.

तिथे डोळ्यांच्या दवाखान्यात एक यंत्र होतं. मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं. त्यात हनुवटी टेकून समोर बघत राहायचं. आत कुठेतरी बारीक उजेड लुकलुकतो, कधी तेज, कधी मंद, आणि दिसला की हातातलं बटण दाबायचं. माणसाला कुठे किती उजेड दिसतो ते ते यंत्र मोजतं. बाबांना ते यंत्र फार आवडलं. बटण कसं चालतं, उजेड किती प्रकारचा, त्यांनी तिथल्या मुलीला विचारून घेतलं. माझ्या घरगुती तपासणीचीच ती शहाणी, महागडी रीत होती. पण माझ्या तपासणीनंतर ते घरात बसले होते. या यंत्रापुढे मात्र ते शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले आणि मन लावून बटण दाबत राहिले. मी बाहेरच्या बाकावरून काचेतून बघत होते. यंत्रातला उजेड लुकलुकत असणार आणि बाबांचं बोट बराच बराच वेळ हलत नव्हतं.

कागद छापून आला. दोन डोळ्यांची दोन वर्तुळं. एक जवळजवळ सगळं काळं, मध्ये सुपारीएवढं पांढरं. दुसरं निम्मं काळं.

बाबांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "हो मात्र खराच काळो इलो," म्हणाले.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या, बोलायला चांगल्या. काचबिंदू आहे म्हणाल्या. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने सांभाळता येईल. या आजारात कडेचं आधी जातं, मधलं शेवटपर्यंत राहतं, म्हणून माणसाला कळत नाही. अंधाऱ्या जागी जास्त त्रास होतो. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आधी का नाही आणलंत?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. त्यांना मी दिसत नव्हते, मी बाजूला बसले होते. पण ऐकू तर येत होतं. मी वाट बघितली.

"जमलं नाही," मी म्हटलं.

भाऊ चतुर्थीला आला. बायकोमुलांसकट, गणपतीसाठी दिव्यांची माळ घेऊन. आल्या आल्या बाबांच्या पाया पडला, गळ्यात पडला, डोळ्यांत पाणी आणलं. खोटं नव्हतं ते पाणी. मला त्याचाच जास्त राग आला. आरती झाल्यावर पडवीत भावकी जमली होती. काकींनी विषय काढला. "घरात माणूस असतानाय असा कसा झाला गो?" आणि भाऊ सगळ्यांदेखत मला म्हणाला, "खरंच ताई, तू तर रोज त्यांच्याबरोबर होतीस. फोटोसुद्धा मिळून काढत होतात. तुझ्या लक्षात कसं नाही आलं?"

"मी तुला फोन केला होता."

"तू म्हणालीस मीटर बरोबर आहेत म्हणून."

"मीटर बरोबर असतील तर मग चूक कशात होती?" मी विचारलं. "मी तुला खुर्ची आणि पुठ्ठ्याचं सांगितलं नव्हतं? ये म्हणाले नव्हते?"

"अगं, पण इतकं गंभीर आहे असं कुठे म्हणालीस? मी काय डॉक्टर आहे? तू इथे होतीस. ओढून न्यायचं होतंस त्यांना."

ओढून. बाबांना. मी.

बाबा तिथेच होते, बाकावर, हातात प्रसादाची वाटी. त्यांनी एक वाक्य बोललं असतं तर पुरलं असतं. तिने सांगितलं होतं, मीच गेलो नाही. तेवढंच. बाबांनी मोदकाचा तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"जांवदे रे," ते भावाला म्हणाले. "तिका काय कळता."

मी आत जाऊन भांडी घासली. भावजय मदतीला आली, तिला मी पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी भावाने बाबांच्या फोटोंचा गठ्ठा काढला. पांढरेफटक फोटो बाजूला सारत सारत त्याला तो सापडला, सुपारी कातरणाऱ्या बाबांचा. "काय जबरदस्त काढलाय!" म्हणाला. मोबाइलवर त्याचा फोटो घेतला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, बाबांच्या कॅमेऱ्यातून. दिवसभर लोकांचे हात जोडलेले आणि फुलांचे निरोप येत राहिले. बाबा स्वतःचा फोटो स्वतः कसा काढतील, हे कोणाच्याही मनात आलं नाही. मी सांगितलं नाही. सांगून काय, पुन्हा एक वाद, आणि पुन्हा बाबा गप्प.

जाताना त्याने मीटर मागितले. "इथे नुसते गंजतील. मोठ्याला शिकवतो मी." बाबा म्हणाले, "ने, ने. माका आता काय करूचे आसत?" तिन्ही गेले, जुना काट्याचासुद्धा. मला कोणी विचारलं नाही. कॅमेरा फुटलेला, बाथरूमच्या खिडकीचा काळा कपडा मी काढून टाकला, तिथे आता पूर्वीसारखं ऊन येतं.

दर काही महिन्यांनी मी बाबांना कोल्हापूरला नेते. रोज सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब घालते. ते मान मागे टाकून बसतात आणि थेंब पडला की दरवेळी "हळू गो" म्हणतात, मी कितीही हळू घातला तरी. उरलेली नजर अजून टिकून आहे. आमच्यात भांडण नाही. माझ्या मनात त्यांच्याविषयी जे आहे ते मी कोणाला बोलून दाखवत नाही, त्यांना तर नाहीच. पुढे बोलेन असंही वाटत नाही.

मागच्या खेपेला गाडीत बाबांच्या पलीकडे एक गृहस्थ बसले होते, आपल्याच बाजूचे. बोलणं निघालं. बाबांनी झिलाचं सगळं सांगितलं, पुण्याचं घर, नोकरी, मुलं इंग्रजीत कशी बोलतात. गृहस्थांनी डोळ्यांची चौकशी केली, हळहळले, आणि विचारलं, "मग आता वांगडा कोण इला तुमच्या?"

"कोण नाय," बाबा म्हणाले. "ह्यां आपला चेडू."

गृहस्थांनी वाकून त्यांच्या लेकीकडे, म्हणजे माझ्याकडे, बघितलं. मीही बघितलं. फोंडाघाटला गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरून त्या दोघांसाठीही चहा आणला.